सहकुटुंब परदेशगमन : आर्थिक अडचणीच्या काळातील निर्णयाचे अर्थशास्त्र

(अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्थलांतराचा विषय अभ्यासक्रमात येतो तो बहुधा लोकसंख्येच्या प्रकरणात. तेथे स्थलांतरित म्हणजे एक व्यक्ती असते. ती कमी वेतनाच्या प्रदेशातून अधिक वेतनाच्या प्रदेशाकडे जाते आणि दोन्ही प्रदेशांच्या आकडेवारीत एकाने फरक पडतो. प्रत्यक्षात मात्र परदेशी जाण्याचा विचार घरात होतो. तो बहुधा अडचणीच्या वेळी होतो आणि त्यात दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र मिसळलेले असतात. पहिला प्रश्न, कमावत्या माणसाने जावे काय? दुसरा प्रश्न, त्याच्या पाठोपाठ पत्नी अथवा पती आणि मुले यांनीही जावे काय? दुसरा प्रश्न हा पहिल्याचेच पुढचे पाऊल आहे, असे सामान्यतः समजले जाते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही समजूत बरोबर नाही. एकट्याने जाणे हा कुटुंबाचा विमा असतो. सर्वांनी जाणे म्हणजे तो विमा मोडून सारी पुंजी एका ठिकाणी लावणे होय. हा फरक समजून घेण्यासाठी भारतातून आखाती देशांकडे गेल्या पन्नास वर्षांत झालेल्या स्थलांतराइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

सिद्धांताची पार्श्वभूमी

लॅरी जास्टाड यांनी १९६२ मध्ये स्थलांतराकडे गुंतवणूक म्हणून पाहण्याची पद्धत मांडली. प्रवासखर्च, नवे काम मिळेपर्यंत बुडणारे उत्पन्न आणि आप्तांपासून दूर राहण्याचे मानसिक मोल हा खर्च. पुढील आयुष्यात मिळणारे वाढीव उत्पन्न हा लाभ. १९७० मध्ये हॅरिस आणि टोडॅरो यांनी त्यात अनिश्चिततेची भर घातली. माणूस प्रत्यक्ष वेतनाकडे पाहून निघत नाही, तर काम मिळण्याची शक्यता लक्षात घेऊन अपेक्षित वेतनाकडे पाहून निघतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. परीक्षेत या दोन्ही प्रतिमानांवर हमखास प्रश्न येतात. तथापि, या दोहोंतही निर्णय घेणारी व्यक्ती एकटीच असते.

कुटुंब या चर्चेत खऱ्या अर्थाने आले ते १९७८ मध्ये, जेकब मिन्सर यांच्या लेखामुळे. मिन्सर यांचा मुद्दा अतिशय साधा आहे. कुटुंब एकत्र जाते किंवा एकत्र राहते, म्हणून हिशेब प्रत्येकाच्या लाभाचा न होता सर्वांच्या लाभहानीच्या बेरजेचा होतो. समजा, गेल्याने पतीचा लाभ ४० आणि पत्नीची हानी २५ आहे. बेरीज १५ येते, म्हणून कुटुंब जाते. पत्नी एकटी असती तर गेली नसती. ती ‘बांधील स्थलांतरित’ ठरते. पत्नीची हानी ५० असेल तर बेरीज उणे येते, कुटुंब जागेवरच राहते आणि पती ‘बांधील रहिवासी’ होतो. मिन्सर यांच्या काळी अमेरिकेत बहुधा पत्नीच बांधील स्थलांतरित असे. केरळच्या परिचारिकांनी हे चित्र उलट करून दाखविले. परिचारिका म्हणून आधी आखातात आणि पुढे ब्रिटन वा अमेरिकेत गेलेल्या स्त्रियांच्या मागून त्यांचे पती गेले आणि त्यांतील अनेकांना स्वतःच्या शिक्षणाला साजेसे काम मिळाले नाही. कोण बांधील होणार हे लिंगावर ठरत नाही. ते बाजारात कोणाच्या कौशल्याला मागणी आहे यावर आणि व्हिसाच्या अटींवर ठरते. अमेरिकेत एच-१बी व्हिसाधारकाच्या जोडीदाराला काम करण्याची परवानगीच नव्हती; मे २०१५ पासून काही ठरावीक प्रवर्गांना ती मिळू लागली. म्हणजे मिन्सर यांच्या बेरजेतील एक संपूर्ण संख्या कायद्याने शून्यावर आणून ठेवली होती.

ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी १९८५ मध्ये आणखी एक दिशा दाखविली. विकसनशील देशांत पीकविमा, बेकारी भत्ता, स्वस्त कर्ज यांचा अभाव असतो. अशा वेळी कुटुंब आपल्या एका सदस्याला दुसऱ्या श्रमबाजारात पाठविते, ते केवळ अधिक वेतनासाठी नव्हे. गावात दुष्काळ पडला अथवा गिरणी बंद पडली तर दूरच्या बाजारावर त्याच वेळी तोच आघात होण्याची शक्यता कमी असते. एकाचे वाईट चालले असताना दुसऱ्याचे बरे चालते आणि घर तरते. गेल्या शतकात रत्नागिरी-सिंधुदुर्गातील घरांनी मुंबईच्या मनीऑर्डरीवर हेच केले. त्यासाठी त्यांना स्टार्क वाचावे लागले नाहीत. या दृष्टीने पाहता सर्व कुटुंबाने एकाच वेळी परदेशी जाणे म्हणजे जोखमीची विभागणी संपविणे होय. घराचे उत्पन्न, निवारा, मुलांचे शिक्षण आणि वास्तव्याचा कायदेशीर हक्क हे सारे एका नोकरीवर येऊन ठेपते.

आखाती देशांची व्यवस्था

ऑक्टोबर १९७३ नंतर खनिज तेलाच्या किमती सुमारे चौपट झाल्या आणि आखाती देशांत बांधकामाचे युग सुरू झाले. केरळ, आंध्र प्रदेश, तामिळनाडू, कोकण, गोवा या भागांतून कामगार जाऊ लागले. १९२२ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारत सरकारने १९८३ मध्ये उत्प्रवासन अधिनियम केला तो याच पार्श्वभूमीवर. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला, आखाती देशांसह अठरा ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना, उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते.

आखाती देशांनी हे स्थलांतर आरंभापासूनच तात्पुरते ठेवले. नागरिकत्वाचा मार्ग जवळजवळ बंद. तेथे जन्मलेल्या मुलालाही जन्माने नागरिकत्व नाही. वास्तव्याचा परवाना मालकाच्या पुरस्कृतीशी बांधलेला. हीच कफाला पद्धत. गेल्या काही वर्षांत तिच्यात काही सुधारणा झाल्या. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलताना जुन्या मालकाचे ना-हरकत पत्र मागण्याची अट काढली आणि सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून काही निर्बंध सैल केले. परंतु कुटुंबाच्या बाबतीत मूळ तत्त्व तेच राहिले: कामगाराला मालक पुरस्कृत करतो आणि कामगार आपल्या पत्नी-मुलांना पुरस्कृत करतो. साखळीची पहिली कडी तुटली की पुढच्या सर्व कड्या आपोआप सुटतात.

शिवाय कुटुंब आणण्याचा हक्क सर्वांना नाही. त्यासाठी किमान वेतनाची अट असते. संयुक्त अरब अमिरातीत ही अट दीर्घकाळ ४,००० दिरहॅम, किंवा राहण्याची सोय मालकाची असल्यास ३,००० दिरहॅम अशी होती. २०१९ मध्ये व्यवसायाची अट काढून केवळ उत्पन्न पाहण्याचे धोरण आले. बांधकाम मजूर, सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांच्यापुढे सहकुटुंब राहण्याचा प्रश्न उभाच राहत नाही. आखातात कुटुंबावाचून राहणाऱ्या विवाहित पुरुषालाही ‘बॅचलर’ म्हणतात. घरमालकांच्या जाहिरातींतही हा शब्द याच अर्थाने येतो. एका शब्दात त्या समाजाची वर्गरचना सांगितली जाते. तेव्हा पुढील विवेचन प्रामुख्याने मधल्या थराचे आहे: लेखनिक, लेखापाल, तंत्रज्ञ, परिचारिका, शिक्षक, छोटे दुकानदार. त्यांना कायदा परवानगी देतो, पण खिसा देईलच असे नाही.

एका घराचा हिशेब

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे केवळ रीत समजण्यासाठी आहेत. एका लेखापालाला दुबईत महिना ६,००० दिरहॅम मिळतात. तो एकटा आहे. इतर तिघांबरोबर एका खोलीत खाट भाड्याने घेऊन राहतो. त्याचा सर्व खर्च २,००० दिरहॅम. उरलेले ४,००० तो घरी पाठवितो. दिरहॅमचा भाव २० रुपये धरल्यास ८०,००० रुपये झाले. गावी पत्नी आणि दोन मुले यांचा खर्च ३५,००० रुपये. म्हणजे कर्जफेड आणि बचत यांसाठी दरमहा ४५,००० रुपये उरतात.

आता कुटुंब तेथे गेले. घरभाडे, वीज व पाणी २,८००, मुलांची शाळा आणि शाळेची बस १,३००, किराणा व प्रवास १,५००. व्हिसा, आरोग्यविमा आणि वर्षातून एकदा गावी येण्याचे विमानभाडे यांची मासिक सरासरी ४००. बेरीज बरोबर ६,००० दिरहॅम. बचत शून्य. वेतन तेच, माणसे तीच. फरक एवढाच, की पूर्वी दिरहॅममध्ये मिळविलेला पैसा रुपयांत खर्च होत होता, तो आता दिरहॅममध्येच खर्च होऊ लागला. एकत्र राहण्याची किंमत दरमहा ४५,००० रुपये, असे हे उत्तर वाचावयाचे.

ही किंमत द्यावी की न द्यावी हे अर्थशास्त्र सांगू शकत नाही. ती किती आहे, एवढे ते सांगू शकते. पत्नीला तेथे ३,००० दिरहॅमची नोकरी मिळाली आणि त्यासाठी मुलांच्या देखभालीवर १,००० दिरहॅम अधिक खर्च झाले, तर घरात २,००० दिरहॅम म्हणजे ४०,००० रुपये शिल्लक राहतात आणि एकत्र राहण्याची किंमत दरमहा ५,००० रुपयांवर येते. म्हणून सहकुटुंब जाण्याच्या निर्णयात सर्वांत महत्त्वाचा आकडा पहिल्या वेतनाचा नसतो; दुसऱ्या वेतनाच्या शक्यतेचा असतो. अनेक घरांत मात्र पहिल्या वेतनावरच चर्चा संपते.

या हिशेबात विनिमय दराचे स्थान विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावे. दिरहॅम १९९७ पासून ३.६७२५ प्रति डॉलर या दराने, तर सौदी रियाल १९८६ पासून ३.७५ प्रति डॉलर या दराने डॉलरशी जोडलेला आहे. त्यामुळे रुपया डॉलरच्या तुलनेत घसरला की तो दिरहॅम आणि रियालच्या तुलनेतही तेवढाच घसरतो. २००८ च्या आरंभी दिरहॅम अकरा रुपयांच्या आसपास होता. २०२४ मध्ये तो २३ रुपयांच्या आसपास गेला. वरील उदाहरणात भाव २० ऐवजी २३ धरला, तर एकट्या कामगाराचे ४,००० दिरहॅम ९२,००० रुपये होतात आणि घरखर्च वजा जाता ५७,००० उरतात. दोघे कमावणाऱ्या, तेथेच राहणाऱ्या कुटुंबाच्या २,००० दिरहॅमचे ४६,००० होतात. दोन्ही घरांना लाभ झाला, परंतु एकत्र राहण्याची किंमत ५,००० वरून ११,००० रुपयांवर गेली. भारतात महागाई वाढली तर गावचा घरखर्च वाढून हा फरक थोडा कमी होईल, हे खरे. तरीही निष्कर्ष असा, की ज्या वेळी देशातील अर्थव्यवस्थेवर ताण येतो आणि रुपया घसरतो, नेमक्या त्याच वेळी कुटुंब गावी ठेवण्याचा आर्थिक लाभ सर्वाधिक असतो. आणि नेमक्या त्याच वेळी, नोकऱ्या गेल्यामुळे वा धंदा बसल्यामुळे, ‘सगळेच निघून जाऊ’ हा विचार घराघरांत बळावतो. मन एका दिशेला ओढते, हिशेब दुसऱ्या.

अडचण दोन्ही किनाऱ्यांवर असते

परदेशगमनाचा विचार करणारे कुटुंब स्वतःची अडचण पाहते. यजमान देशाची अडचण त्याला दिसत नाही. आखाताच्या इतिहासात ही दुसरी अडचण वारंवार आली आहे.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. सुमारे १,७०,००० भारतीयांना मायदेशी आणावे लागले. त्यांतील फार मोठा भाग जॉर्डनची राजधानी अम्मान येथून एअर इंडियाच्या विमानांनी आला. कुवेतमध्ये सहकुटुंब स्थिरावलेले व्यापारी आणि नोकरदार यांची बँकेतील शिल्लक, गाडी, घरातील सामान मागे राहिले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाने देश सोडावा लागलेल्यांना ठरावीक रक्कम दिली: व्यक्तीला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,००० डॉलर, अन्य प्रवर्गांत दावा न करणाऱ्यांना अनुक्रमे ४,००० आणि ८,००० डॉलर. कुटुंब कितीही मोठे असले तरी रक्कम व्यक्तीच्या दुप्पटच. ज्यांची बायकामुले केरळात किंवा कोकणात होती त्यांचेही वेतन बुडाले, पण त्यांचे घर उभे होते.

२००८-०९ च्या जागतिक मंदीत दुबईतील बांधकाम थंडावले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये दुबई वर्ल्ड या सरकारी समूहाने कर्जफेडीस मुदत मागितली. २०१४ च्या मध्यास शंभर डॉलरच्या वर असलेले खनिज तेल जानेवारी २०१६ मध्ये पिंपामागे तीस डॉलरच्या खाली गेले. त्या वर्षी सौदी अरेबियात काही बांधकाम कंपन्यांनी महिनोन् महिने वेतन थकविल्याने छावण्यांतील भारतीय कामगारांना अन्न पुरविण्याची वेळ आपल्या वकिलातीवर आली. २०२० मध्ये महामारी आली आणि ७ मे २०२० रोजी ‘वंदे भारत’ मोहिमेतील पहिली विमाने अबू धाबी आणि दुबई येथून कोची व कोझिकोडला उतरली.

नोकरी गेल्यावर काय होते, याचाही हिशेब मांडला पाहिजे. एकट्या माणसाची खाट सोडून देता येते. कुटुंबाचे घर वर्षाच्या कराराने घेतलेले असते आणि भाड्यापोटी पुढील तारखांचे धनादेश आधीच दिलेले असतात; अमिरातीत न वटलेला धनादेश हा दीर्घकाळ फौजदारी गुन्हा होता, २०२२ च्या आरंभी ती तरतूद बरीच सौम्य झाली. शाळेचे सत्र अर्धवट असते. चार तिकिटे काढावी लागतात. परवाना रद्द झाल्यावर देश सोडण्याची मुदत पूर्वी जेमतेम महिन्याची होती. २०२२ च्या सुधारणांनी ती वाढविली. सेवासमाप्तीचे उपदान मिळते: अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि पुढे दरवर्षी ३० दिवसांचे मूळ वेतन. जानेवारी २०२३ पासून तेथे बेकारी विमाही आला असून मूळ वेतनाच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळू शकते. मूळ वेतनाच्या, हा शब्द येथे महत्त्वाचा. एकूण पगारात भत्त्यांचा वाटा मोठा असल्यास ही रक्कम अपेक्षेहून बरीच लहान निघते.

कुटुंबावरील कर

यजमान देशाच्या तिजोरीवर ताण आला की कामगारांची गरज असतानाही त्यांच्या कुटुंबांवर निर्बंध येतात. कामगार उत्पादन करतो. त्याचे कुटुंब शाळा, रुग्णालय आणि घरे वापरते, असा त्यामागचा विचार. हा विचार अपुरा आहे, कारण कुटुंब तेथेच खर्च करते आणि ‘बॅचलर’ मात्र पैसा देशाबाहेर पाठवितो. तरीही धोरणे याच विचाराने आखली जातात.

सौदी अरेबियाने १ जुलै २०१७ पासून प्रत्येक अवलंबितामागे दरमहा १०० रियाल शुल्क लावले आणि ते दरवर्षी १०० ने वाढवीत २०२० मध्ये ४०० वर नेले. पत्नी आणि दोन मुले असल्यास महिना १,२०० रियाल, वर्षाला १४,४०० रियाल. ज्याचे वेतन ५,००० रियाल आहे त्याच्या उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा या एका शुल्कात जातो. आखातात आयकर नाही, हे वाक्य पाठ असणाऱ्यांनी हा आकडाही पाठ करावा. त्यातच जानेवारी २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर आला आणि जुलै २०२० मध्ये सौदीने तो १५ टक्के केला. अनेक भारतीय कुटुंबांनी या काळात बायकामुलांना परत पाठविले आणि कमावता माणूस पुन्हा ‘बॅचलर’ झाला.

कुवेतने कुटुंब आणण्यासाठी लागणारे किमान वेतन २०१६ मध्ये २५० वरून ४५० दिनार केले, २०१९ मध्ये ५०० आणि मध्यंतरीच्या स्थगितीनंतर जानेवारी २०२४ मध्ये ८०० दिनार केले. त्या वेळी विद्यापीठीय पदवीचीही अट घातली गेली. ती त्याच वर्षी शिथिल झाली. अमिरातीची दिशा काहीशी वेगळी आहे. तिने दीर्घ मुदतीचे परवाने आणि अविवाहित मुलग्यांना २५ वर्षे वयापर्यंत पुरस्कृत करण्याची सवलत देऊन मध्यमवर्गीय कुटुंबे टिकविण्याचे धोरण स्वीकारले. खर्च करणारी कुटुंबे निघून गेली तर दुकाने, शाळा आणि घरांचा बाजार बसतो, हे तिने वेळीच ओळखले.

हे केवळ आखातात घडते असे नाही. ब्रिटनने १ जानेवारी २०२४ पासून संशोधनाचे अभ्यासक्रम वगळता बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना आणि ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या सुश्रूषा-कर्मचाऱ्यांना अवलंबित आणण्यास मनाई केली. वृद्धांची सुश्रूषा करण्यासाठी माणसे हवी होती. त्यांची मुले नको होती. पुढे २२ जुलै २०२५ पासून या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद झाली. ‘आधी आपण जाऊ, वर्षभरात मुलांना नेऊ’ या हिशेबाने कर्ज काढणाऱ्यांसाठी नियमातील एका तारखेचे मोल किती असते, हे यावरून ध्यानात यावे.

आकडेवारीत न दिसणारे

आतापर्यंतचा हिशेब कुटुंब विभागून ठेवण्याच्या बाजूने झुकलेला दिसेल. तो तसा आहे, कारण विभक्त राहण्याचा खर्च रुपयांत मोजला जात नाही. लीला गुलाटी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात केरळात मागे राहिलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. बँकेचे व्यवहार, घरबांधणी, मुलांच्या शाळा, सासरच्या नातेवाइकांशी व्यवहार हे सारे या स्त्रियांनी पेलले. त्यातून काहींना घरात आणि समाजात निर्णयाचे स्थान मिळाले, काहींच्या वाट्याला एकटेपण आणि संशय आला. वर्षा-दोन वर्षांतून महिनाभर घरी येणारा पिता मुलांना पाहुण्यासारखा वाटतो, ही तक्रार आखाताशी संबंध असलेल्या कोणत्याही तालुक्यात ऐकू येते. वीस वर्षांच्या नोकरीत महिनाभराच्या वार्षिक रजांची बेरीज वीस महिने होते. हे जास्टाड यांचे ‘मानसिक मोल’. मात्र त्याला कोणत्याही प्रतिमानात आकडा लावलेला नाही.

त्याचबरोबर मुलांच्या बाजूने दुसरा प्रश्न आहे. आखातात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न भारतीय शाळा मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे बारावीपर्यंतचे शिक्षण तुटत नाही. परंतु उच्च शिक्षणासाठी बहुतेकांना भारतात परतावे लागते. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांसारख्या ठिकाणी आखातातील भारतीय कामगारांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा आहेत, त्या याच कारणाने. अर्थात, ज्या वयात शिक्षणाचा खर्च सर्वाधिक वाढतो त्या वयात घरात बचत असावी लागते आणि सहकुटुंब राहिलेल्या घरात नेमकी तीच कमी असते.

राष्ट्रीय पातळीवरही असाच एक आंधळा कोपरा आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी पाठविलेला पैसा सुमारे ११,८७० कोटी डॉलर होता. त्यात अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के, अमिरातीचा १९.२ टक्के, आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांचा मिळून सुमारे ३८ टक्के, जो २०१६-१७ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक होता. प्राप्तकर्त्या राज्यांत महाराष्ट्र २०.५ टक्क्यांसह पहिला आणि केरळ १९.७ टक्क्यांसह दुसरा. हे आकडे परीक्षेसाठी आवश्यक आहेतच. पण रेमिटन्स हा विभक्ततेचाही निर्देशांक आहे, हे त्यांच्याकडे पाहताना विसरू नये. कुटुंब परदेशी गेले की घरी पाठविण्याचे कारणच कमी होते आणि ते कुटुंब या तक्त्यातून हळूहळू नाहीसे होते. रेमिटन्सच्या वाढीवर समाधान मानणारे धोरण नकळत विभक्त कुटुंबावर समाधान मानत असते.

आपल्या संरक्षक तरतुदीही कामगाराभोवती उभ्या आहेत. २००३ मध्ये सुरू झालेली प्रवासी भारतीय विमा योजना २०१७ मध्ये सुधारण्यात आली. अपघाती मृत्यू अथवा कायम अपंगत्वासाठी तीत दहा लाख रुपयांचे संरक्षण आहे आणि हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये. भरती दलालाने घ्यावयाच्या सेवाशुल्कावर ३०,००० रुपये अधिक कर अशी मर्यादा आहे. २००९ पासून वकिलातींकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे आणि संकटात तोच सर्वाधिक उपयोगी पडतो. तथापि, नोकरी गेल्यावर परतलेल्या कुटुंबाच्या मुलांना सत्राच्या मध्येच शाळेत प्रवेश, परदेशी नोकरी केलेल्या पत्नीच्या अनुभवाची येथील नोकरीत दखल, यांविषयी देशव्यापी व्यवस्था नाही. परतणारा माणूस म्हणजे एक कामगार, ही कल्पना अजून सुटलेली नाही.

केरळने या बाबतीत इतरांच्या पुढे मजल मारली आहे. अनिवासी केरळीयांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र विभाग निघाला आणि तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेने १९९८ पासून राज्याच्या स्थलांतराच्या पाहण्या केल्या. परदेशस्थ केरळीयांची संख्या १९९८ मध्ये १३.६ लाख, २०१३ मध्ये २४ लाख, २०१८ मध्ये २१.२ लाख आणि २०२३ मध्ये २२ लाख आढळली. २०२३ च्या पाहणीतील खरी नवी गोष्ट म्हणजे जाणाऱ्यांत विद्यार्थ्यांचा वाटा ११.३ टक्क्यांवर गेला आणि त्यांची संख्या पाच वर्षांत जवळजवळ दुप्पट झाली. पित्याच्या आखाती बचतीवर, किंवा घर तारण ठेवून, मुलगा-मुलगी कॅनडा-ब्रिटनला जातात. कुटुंबाने जोखीम विभागण्याची जागा बदलली आहे.

ज्या घरांना निवड शक्य असते, त्यांनी दरम्यान स्वतःचा एक मार्ग शोधून काढला आहे. पती आधी जातो आणि दोन-तीन वर्षांत दलालाचे कर्ज फेडतो. मग पत्नी आणि लहान मुले पर्यटन व्हिसावर दोन महिने राहून येतात. भाडे, बाजारभाव, शाळा हे सारे पाहिले जाते. वेतनाची अट पूर्ण झाली आणि पत्नीला काम मिळण्याजोगे असले, तर मुले लहान असेतो काही वर्षे सर्व जण तेथे राहतात. गावचे घर भाड्याने न देता बंद ठेवतात आणि शिधापत्रिका, बँक खाते चालू ठेवतात. मोठे मूल आठवी-नववीत आले, की आई मुलांना घेऊन परतते. वडील फ्लॅट सोडतात आणि पुन्हा खाट भाड्याने घेतात. पुढची पाच-सात वर्षे कॉलेजची फी त्या खाटेवरून येते.